दमट हवेत आठ महिने: मॉइस्ट फॉन लिपविगच्या तीन कादंबऱ्या

इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांच्या 'डिस्कवर्ल्ड' या विनोदी अद्भुतकथांच्या मालिकेतील 'गोइंग पोस्टल' (2004), 'मेकिंग मनी' (2007) आणि 'रेझिंग स्टीम' (2013) या तीन कादंबऱ्या मी गेल्या ज्येष्ठात, पाऊस लागण्याच्या तोंडावर, वेंगुर्ल्याच्या घरी मागवल्या. तेव्हापासून माघापर्यंत त्या माझ्या कपाटात कमी आणि शेजारीपाजारी जास्त राहिल्या. श्रावणात पहिल्या प्रतीच्या पाठीचा डिंक सुटला आणि पानांच्या कडांवर करडी बुरशी धरली. ती कोरड्या फडक्याने पुसून पुस्तक दोन दिवस चुलीजवळच्या फळीवर ठेवावे लागले. नायकाचे नाव मॉइस्ट, म्हणजे चक्क दमट, असल्यामुळे माझी भाची त्याला शेवटपर्यंत 'दमटराव' म्हणत राहिली.

हा दमटराव अट्टल ठग आहे. त्याला फाशी दिली जाते, पण जीव जाणार नाही एवढ्याच बेताने. आणि शुद्धीवर आल्यावर अंख-मॉरपोर्क शहराचा सत्ताधीश व्हेटिनारी त्याला मोडकळीस आलेले टपालखाते सांभाळायला सांगतो. नकार द्यायचा असेल तर दार उघडेच आहे, फक्त दारापलीकडे जमीन नाही. पुढच्या पुस्तकात त्याच्या गळ्यात बँक आणि टांकसाळ पडते, तिसऱ्यात आगगाडी.

माझ्या वाचकांचा वाद एकाच प्रश्नावर झाला: हा माणूस खरोखर सुधारतो का? आमच्या आळीतील निवृत्त पोस्टमास्तरांचा निकाल पहिल्या शंभर पानांतच लागला होता. "सुधारलो खंय तो? फकत धंदो बदललो," असे ते म्हणाले, आणि 'मेकिंग मनी'ची सुरुवात वाचून त्यांना जोरच चढला, कारण तिथे सगळे सुरळीत चालल्यामुळे कंटाळलेला लिपविग रात्री स्वतःच्याच टपालकचेरीच्या भिंतीवर चोरासारखा चढताना दिसतो. भाचीचे म्हणणे असे की, जित्याची खोड जात नाही हे लेखकालाही मान्य आहे, म्हणून तो खोड मोडत नाही, तिला कामाला लावतो. टपालतिकिटाची कल्पना लिपविगला सुचते ती ठगाच्याच डोक्यातून: कागदाच्या चिठोऱ्याला लोकांनी पैशासारखे मानले की तो पैसाच.

मी स्वतः मास्तरांच्या बाजूने सुरुवात केली आणि दुसऱ्या वाचनात बाजू बदलली. कारण एका छोट्या संवादात आहे. लिपविगवर पाळत ठेवणारा मिस्टर पंप हा गोलेम, म्हणजे मातीचा चालताबोलता पुतळा, त्याला सांगतो की, तू 2.338 माणसे मारली आहेस. आपण कधी कोणावर शस्त्र उगारले नाही, असे लिपविग म्हणतो. त्यावर बुडवलेले धंदे, गेलेल्या नोकऱ्या आणि त्यापायी घटलेली आयुष्ये यांचा हिशेब पंप त्याच्यापुढे मांडतो. दामदुप्पट योजनेत भावाची काजूची कलमे गहाण पडलेली मी पाहिली आहेत, त्यामुळे तो दशांश अपूर्णांक मला विनोदी वाटलाच नाही. पुढे त्याच्या बनावट कागदांमुळे जिची बँकेतील नोकरी गेली ती ॲडोरा बेल हीच त्याच्या प्रेमाची बाई निघते, आणि हिशेबाला चेहरा मिळतो. इथपर्यंत सुधारणा कमावलेली आहे. 'मेकिंग मनी'त जुने पाप परत येते खरे, पण कुत्रा बँकेचा अध्यक्ष होतो त्या धमालीत त्याची धार बोथट होते.

'रेझिंग स्टीम'बद्दल फार लिहावेसे वाटत नाही. कोकण रेल्वेत नोकरी केलेल्या एका मित्राने ते कौतुकाने हातात घेतले आणि तक्रार करीत परत दिले: सगळी पात्रे एकाच आवाजात लांब भाषणे करतात, आणि नायकाला लबाडी करायला जागाच उरत नाही. तक्रार रास्त आहे. मात्र 2007 च्या डिसेंबरात आपल्या अल्झायमरविषयी जाहीर सांगितल्यानंतरही लेखक लिहित राहिला, हे कळल्यावर मित्राचा सूर थोडा मवाळ झाला.

मास्तरांना सर्वांत जास्त लागला तो क्लॅक्सचा भाग. क्लॅक्स म्हणजे मनोऱ्यांवरून उजेडाच्या खुणांनी धावणारी तारयंत्रणा. कामावर मेलेल्या माणसांची नावे तिथले लोक तारेवर सतत पुढे पाठवत ठेवतात: पुढे धाड, नोंद करू नकोस, शेवटच्या मनोऱ्यावरून परत फिरव. 2015 च्या मार्चमध्ये प्रॅचेट गेले तेव्हा वाचकांनी हाच संकेत त्यांच्या नावासह संकेतस्थळांच्या न दिसणाऱ्या ओळींत घातला. हे मी सांगितले तेव्हा मास्तरांनी टेबलावर बोटाने कड-कट्ट असा ठेका धरला. आपल्याकडची तारसेवा 2013 च्या जुलैत बंद झाली, पण त्यांचे बोट अजून विसरलेले नाही.

इंग्रजी अवघड आहे, हे सांगायलाच हवे. कोट्या निसटतात आणि तळटिपा वाचताना मूळ ओळ हरवते. पहिली पन्नास पाने नेटाने काढावी लागतात. एकच पुस्तक घ्यायचे असेल तर पहिले घ्यावे, आणि किनाऱ्यावर राहत असाल तर आल्याबरोबर प्लॅस्टिकचे कव्हर घालावे. मास्तरांनी दुसरे आणि तिसरे परत केले आहे. पहिले तिसऱ्यांदा त्यांच्याकडेच आहे.