बार्सिलोनातली दुपारची थाळी: ग्रासियातल्या एका खानावळीचा सहा महिन्यांचा अनुभव

आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारी ‘मेनू देल दिया’च घ्यावा. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, गोड आणि वाइन किंवा पाणी, सगळं मिळून 15 ते 18 युरोंत. दीडच्या आत पोचलात तर जागा मिळते. तीननंतर गेलात, तर फळ्यावरचे दोन-तीन पदार्थ पुसलेले असतात. गुरुवारी भात ठरलेला, त्या दिवशी आधी फोन करून टेबल राखून ठेवा.

स्वयंपाकघर कसं आहे, हे रश्श्यावरून ओळखता येतं. कांदा मंद आचेवर पाऊण तास परतून, त्यात किसलेला टोमॅटो आटवून ‘सोफ्रेझित’ करतात. शेवटच्या पाच मिनिटांत ‘पिकादा’ पडतो: बदाम, लसूण, तळलेला पाव, पार्सली, खलबत्त्यात कुटलेलं. आपण वाटण आधी परततो, हे लोक ते शेवटी घालतात, म्हणून बदामाचा वास टिकतो. रस्सा किंचित रवाळ लागला पाहिजे. गुळगुळीत, चकचकीत असेल आणि निवल्यावर खळीसारखा थिजला, तर पिठाने दाट केला आहे. इथे सहा महिन्यांत तसा फक्त दोनदा मिळाला, दोन्ही वेळा शनिवारी रात्री, गर्दीत.

‘अल्योली’ ही तोंडी लावायची चटणी म्हणजे लसूण, मीठ आणि थेंबथेंब घातलेलं ऑलिव्ह तेल, एवढंच. इथे मात्र ती पांढरीशुभ्र आणि फुललेली येते, म्हणजे अंडं आहे. तेल भराभर ओतलं की अस्सल अल्योली फुटते, म्हणून बरीच हॉटेलं हा मार्ग धरतात. चव वाईट नाही, पण लसणाचा झणका जातो. अंडं न खाणाऱ्यांनी विचारूनच घ्यावी.

शाकाहाऱ्यांनी जपून राहावं. बेदाणे आणि पाइनच्या बिया घातलेल्या पालकात बरेचदा हॅम असतं, चण्यांत काळं सॉसेज. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर हॅम आणि मासे त्यात धरले जात नाहीत. ‘सेन्से कार्न, सेन्से पेर्निल, सेन्से पेश’ (मांस, हॅम, मासे नको) असं कातालान भाषेत तिन्ही सांगा. ‘एस्कालिवादा’ (भाजलेली वांगी, लाल ढोबळी मिरची, कांदा) बेलाशक मागवा, फक्त वर अँचोव्ही (खारवलेले छोटे मासे) नको म्हणून सांगा. वांग्याला धुराचा वास इथे खरोखर असतो.

नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यावंच लागतं, 2022 पासून तसा कायदा आहे. गोडातल्या क्रेमा कातालानाची (दूध-अंड्याचं कस्टर्ड) वरची साखर मात्र मागणी आल्यावरच जाळलेली हवी. आधी जाळून फ्रीजमध्ये ठेवली की ती पाणी सोडते, चमच्याखाली कडकन मोडत नाही. इथे ती रोज मोडते.