अफ्लाटॉक्सिन तपासायची स्ट्रिप किट, घ्यावी का?

जनावरांच्या खाद्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीमुळे तयार होणारं विष, घरीच तपासायची स्ट्रिपवाली किट गेले काही महिने वापरतोय, आणि घ्या असंच सांगेन, पण दोन गोष्टी आधी समजून घ्या.

मका किंवा पेंड बारीक दळायची, ७० टक्के मिथेनॉलमध्ये चांगली खळखळवायची, गाळून बफर द्रावण घालून पातळ करायची, स्ट्रिपवर थेंब सोडले की पाच-दहा मिनिटांत लाल रेघा उमटतात, एक टेस्टची, एक कंट्रोलची. तो लाल रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. आणि इथे सगळं उलटं वाचायचं बरं का! टेस्टची रेघ ठळक आली तर माल चांगला, फिकी पडली किंवा आलीच नाही तर विष जास्त, कारण नमुन्यातलं विष त्या कणांवरच्या अँटिबॉडीला (विषाला धरणाऱ्या प्रथिनाला) आधीच चिकटून बसतं, मग रेघेला धरायला काही उरत नाही. कंट्रोलची रेघ, म्हणजे स्ट्रिप नीट चालली हे दाखवणारी, तीच नसेल तर ती स्ट्रिप बाद, दुसरी लावा. रेघ उजेडात बघा, पिवळ्या बल्बखाली फिकी रेघ कळतच नाही.

माझा खरा राग माहितीपत्रकावर आहे. नमुना कसा काढायचा यावर एक ओळ! अहो, बुरशी ढिगात एखाद्याच कोपऱ्यात धरते, वरची मूठभर तपासली तर रिझल्ट छान येणार आणि विष खाली तसंच. पोत्याच्या वरून, मधून, तळातून थोडं थोडं काढा, सगळं एकत्र दळा आणि मग त्यातून घ्या. बुरशी दिसत नाही म्हणजे विष नाही असंही नसतं, आणि भाजून-उकळून ते नीट जातही नाही. गायीने खाल्लेलं अफ्लाटॉक्सिन बी१ दुधात एम१ या दुसऱ्या रूपात उतरतं, ते दूध लेकरं पितात, म्हणून एवढं तळमळून लिहितोय.

घेताना कटऑफ बघा, म्हणजे किती विषापासून स्ट्रिप धोका दाखवते ते. अमेरिकेत दुभत्या जनावरांच्या खाद्याला २० पीपीबीची (अब्ज भागांत २० भाग) मर्यादा आहे, युरोपात ५ ची, त्यामुळे २० वाली स्ट्रिप ५ च्या नियमाला कामाची नाही. फ्युमोनिसिन वगैरे बाकीची विषं यात कळत नाहीत, त्यांच्या स्ट्रिप वेगळ्या. रेघ संशयास्पद वाटली तर ते खाद्य बाजूला ठेवून लॅबमधून एचपीएलसी (विषाचं नेमकं प्रमाण मोजणारी तपासणी) करून घ्या.

पाचपैकी चार, एक कापला तो त्या पत्रकासाठी.