१९७७चा गठ्ठा : नौपाड्यातलं जुन्या अंकांचं दुकान

ठाण्यात नौपाड्याच्या एका आतल्या गल्लीत जुन्या साप्ताहिकांचं आणि दिवाळी अंकांचं दुकान आहे. पाटी 'रद्दी'ची असली तरी माल किलोवर विकत नाहीत. अंक साल-महिन्याप्रमाणे लावून सुतळीने बांधलेले असतात. काका विचारतात, "ताई, कुठलं साल?" आणि शिडीवर चढतात. मी १९७७ मागितलं.

आणीबाणी उठली त्या या सालावर पुस्तकं भरपूर आहेत. पण पुस्तक लिहिणाऱ्याला निवडणुकीचा निकाल ठाऊक असतो. जानेवारीचा अंक काढणाऱ्याला तो नव्हता. म्हणून गठ्ठाच घ्यायचा होता.

जानेवारीच्या पहिल्या अंकात इंदिरा सरकारच्या २० कलमी कार्यक्रमाची पानभर जाहिरात आहे आणि वाचकांच्या पत्रांत खड्डे, शाळाप्रवेश. खाली सह्या 'एक नागरिक', 'एक त्रस्त पालक'. १८ जानेवारीला निवडणूक जाहीर झाली. २ फेब्रुवारीला जगजीवनराम काँग्रेसमधून बाहेर पडले. त्यानंतरच्या अंकांत पत्राखाली पूर्ण नाव, चाळीचा पत्ता आणि गाव. हे मी दोनदा उलटून पाहिलं. भीती उतरताना दिसते ती अशी.

पुढे पु. ल. देशपांडे आणि तुरुंगवास भोगून आलेल्या दुर्गाबाई भागवत जनता पक्षाच्या प्रचारात. ठाण्यातून रामभाऊ म्हाळगी जनता पक्षाच्या हलधर (नांगरधारी शेतकरी) चिन्हावर निवडून आले. आणीबाणीत ते येरवड्याच्या तुरुंगात होते. उत्तरेत काँग्रेसचा धुव्वा उडाला, महाराष्ट्रात मात्र तिने ४८पैकी २० जागा राखल्या. 'जनता लाट' म्हणताना आपण हे विसरतो, आणि आपल्याकडचं पुढचं राजकारण त्याशिवाय समजत नाही. २१ मार्चला आणीबाणी उठली, २४ला मोरारजींचा शपथविधी. त्या आठवड्याचा अंक इतका हाताळलेला आहे की घडीवर कागद फाटलाय.

वर्षाच्या उत्तरार्धात 'जैत रे जैत' आणि 'भूमिका'. एकाच वर्षात स्मिता पाटील ठाकरवाडीतली चिंधीही आणि हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर बेतलेली उषाही! कोका-कोला देशातून गेला आणि सरकारी 'डबल सेव्हन' (७७) नावाचं पेय आलं. एकाच घरात हे सगळं एकत्र वाचलं जात होतं, हे सुटी कात्रणं पाहून कळत नाही.

आता तक्रार. एप्रिलचे दोन अंक गायब होते आणि ते विचारल्यावर कळलं. आधी सांगायला हवं होतं. सुटा अंक देत नाहीत. अख्ख्या गठ्ठ्याला २,४०० रुपये पडले. मला परवडले, अभ्यास करणाऱ्या मुलांना परवडणार नाहीत. त्यांना तिथेच बसून वाचायला एक स्टूल आणि थोडं भाडं ठरवून द्यावं, असं मी काकांना सांगून आले आहे. त्यांनी नाही म्हटलेलं नाही.

कागद ठिसूळ आहे. पिना गंजलेल्या असतात, त्या बोथट सुरीने हलक्या हाताने काढाव्यात, ओढू नयेत. डांबरगोळ्यांचा वास जाईपर्यंत अंक सावलीत उघडे ठेवावेत. दुपारी दुकान बंद असतं. संध्याकाळी पाचनंतर जावं आणि घट्ट शिवलेली कापडी पिशवी न्यावी. १९७८ अजून शिल्लक आहे, शरद पवार पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले त्या जुलैसकट.