सर्व्हर रूमचं स्थलांतर आणि नेटबॉक्स: आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. कंपनीचं डेटा सेंटर दुसरीकडे न्यायचं असेल आणि हातात पाच-सहा महिने असतील, तर नेटबॉक्स (रॅक-केबलींची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) बसवा. पुढच्याच महिन्यात टेम्पो दारात लागणार असेल तर त्याच्या नादी लागू नका, एक्सेलमध्येच नीट काम करा.

आमचा चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना. ऑफिसच्या तळमजल्यावर सर्व्हर रूम होती. ती जागा क्वालिटी लॅबला हवी होती, एसी आणि यूपीएस दोन्ही बदलायला आले होते, म्हणून व्यवस्थापनाने नवी मुंबईत, महापेच्या बाजूला कोलोकेशनमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या जागेत, रॅक (सर्व्हर बसवायची कपाटं) घ्यायचं ठरवलं. या सगळ्याची तयारी आम्ही नेटबॉक्समध्ये केली. ते अजून चालू आहे, म्हणून हे लिहितोय.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: रॅक, त्यातली यंत्रं, केबली, आयपी पत्ते, वीज या सगळ्याची नोंदवही. डिजिटलओशनच्या नेटवर्क टीममध्ये तयार झालं, २०१६ साली खुलं केलं, अपाची २.० परवाना, म्हणजे फुकट. माहिती साठवायला मागे पोस्टग्रेस आणि रेडिस. डॉकर (सॉफ्टवेअर तयार डब्यांत बसवायची पद्धत) येत असेल तर एका दुपारचं काम. बसवण्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते माहिती भरण्याबद्दल. डेमो बघून आमच्या साहेबांचा समज झाला होता की हे नेटवर्कवर फिरून सगळं स्वतः शोधून काढेल. नेटबॉक्स मुळात तसं करतच नाही. काय असायला हवं ते त्यात लिहायचं, आणि लिहायचं माणसाने. सुरुवातीला हा मोठा तोटा वाटला. पण त्यामुळेच बॅटरी घेऊन रॅकच्या मागे जावं लागलं, आणि तिथे जे सापडलं ते साध्या पिंग स्कॅनमध्ये सापडलं नसतं. रॅकच्या मागे, भिंतीला टेकून, एक जुना टॉवर पीसी उभा होता. लेबल नाही, मॉनिटर नाही, पिंगला, म्हणजे नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला, उत्तर नाही. टीममधला पोरगा म्हणाला, "सर, हा बंदच करून टाकू का?" म्हटलं, थांब, आधी वायर कुठे जाते बघ. वायर खिडकीच्या फटीतून बाहेर, केबल ट्रेवरून थेट गेटवर. गेटवरच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर त्यावर चालत होतं. तो बंद केला असता तर कच्च्या मालाचे ट्रक रस्त्यावर थांबले असते.

त्यावरून पुढचा मोठा निर्णय झाला: काय न्यायचं नाही. ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) महापेला गेला तरी फॅक्टरीत फरक जाणवत नाही, चाकण-नवी मुंबई हा लिंकवर काही मिलिसेकंदांचाच प्रश्न. पण लिंक तुटली तर वजनकाटा, हजेरीची मशिनं आणि लाईनवरचे लेबल प्रिंटर चालू राहिलेच पाहिजेत. ते सगळं आम्ही एका छोट्या रॅकमध्ये फॅक्टरीतच ठेवलं. नेटबॉक्समध्ये दोन साइट केल्या आणि प्रत्येक यंत्राला एक कस्टम फील्ड (आपण वाढवलेला रकाना) दिलं: जाणार, राहणार, भंगार. तिसरा गट अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे केबल ट्रेस. दोन्ही टोकं नोंदवली की एका क्लिकवर पूर्ण मार्ग दिसतो: सर्व्हरचा पोर्ट, पॅच पॅनलचा (केबली जोडायची पट्टी) पुढचा पोर्ट, मागचा पोर्ट, दुसरं पॅनल, शेवटी स्विच. आमच्या रॅकमागे वडाच्या पारंब्या लोंबत होत्या, त्यातली एकेक धरून वर-खाली जाण्यात शनिवार गेले. पण महापेला पोचल्यावर कुठली केबल कुठे, किती मीटरची, एलसी टोकाची फायबर की कॉपर, हे कुणाला विचारावं लागलं नाही. नव्या पॅच कॉर्डची ऑर्डरसुद्धा याच यादीवरून दिली.

रॅकचं चित्रही कामाचं. ४२ यूच्या (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप) रॅकमध्ये एका जागी दोन यंत्रं बसवायला ते सरळ नकार देतं. एक्सेल कधीच नाही म्हणत नाही. दुसऱ्या बाजूला, यंत्र माउसने ओढून दुसरीकडे ठेवता येत नाही, प्रत्येक वेळी फॉर्म उघडून आकडा बदलायचा. आठवड्याला तीनदा आराखडा बदलतो तेव्हा याचा वैताग येतो.

आता खरी अडचण. नेटबॉक्सला एक यंत्र एका वेळी एकाच जागी माहीत असतं. स्थलांतरात तर प्रत्येक गोष्टीला दोन जागा असतात, आजची आणि उद्याची. आम्ही महापेच्या साइटवर तीच यंत्रं पुन्हा 'प्लॅन्ड' स्थितीत भरली. नाव तेच चालतं, कारण नाव साइटपुरतंच वेगळं असावं लागतं. पण ॲसेट टॅग (यंत्राचा मालमत्ता क्रमांक) सगळीकडे मिळून एकदाच चालतो, म्हणून प्रतीत तो रिकामा ठेवावा लागला, आणि हलवल्यानंतर जुनी नोंद काढून टॅग नव्या नोंदीवर टाकायचा हा वेगळा उद्योग झाला. जुन्याच नोंदीचा रॅक बदलायचा म्हटलं तर केबलच्या नोंदी जुन्या स्विचला चिकटून राहतात. यासाठी ब्रांचिंगचं प्लगइन आता आहे, म्हणजे मूळ नोंदींना हात न लावता बदल वेगळ्या प्रतीत करायची सोय. नव्याने सुरू करणाऱ्याने ते आधी बघावं.

विजेच्या आकड्यांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. यंत्राच्या प्रकारासोबत जो कमाल भार येतो तो पाटीवरचा असतो. त्याची बेरीज धरून केव्हीए (वीजक्षमता) मागितला असता तर न वापरलेल्या विजेचं भाडं दर महिन्याला भरत बसलो असतो. आमच्या इलेक्ट्रिशियनने टाँग टेस्टर लावून महिनाअखेरीच्या गर्दीत प्रत्यक्ष अँपिअर मोजले, ते आकडे आम्ही 'ॲलोकेटेड' (प्रत्यक्ष धरायचा भार) या रकान्यात भरले. जाता जाता: समोरच्याकडे पीडीयूवर (रॅकमधली वीजपट्टी) सी१३ आणि सी१९ प्रकारची सॉकेटं किती, हे करारावर सही करायच्या आधी विचारा. ब्लेड चेसिसला (अनेक सर्व्हर बसणारा एकच डबा) सहसा सी१९ लागतात.

आयपीच्या भागाने अनपेक्षित मदत केली. लीज्ड लाइनचे पत्ते पुरवठादाराचे, म्हणजे जागा बदलली की पत्तेही बदलणार. हे पत्ते बँकेने व्हाइटलिस्ट केलेले, म्हणजे परवानगीच्या यादीत टाकलेले, ग्राहकांच्या व्हीपीएनमध्येही तेच. प्रत्येक पत्त्यासमोर 'बाहेर कुणाकडे नोंदलेला' असं फील्ड टाकलं आणि यादी तयार झाली. बँकेकडून बदल व्हायला आठवडे लागतात, हे काम सगळ्यात आधी सुरू करा.

बाकीची तयारी नेटबॉक्सच्या बाहेरची. डीएनएसचा (नावावरून आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) टीटीएल, म्हणजे उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं तो काळ, २४ तासांचा असेल तर तो निदान एक दिवस आधी ३०० सेकंदांवर आणावा, जुना टीटीएल संपेपर्यंत जुनं उत्तर लोकांकडे राहतंच. वर्षानुवर्षं चालू असलेली यंत्रं जुन्या जागीच एकदा पूर्ण बंद करून चालू करून बघावीत. आमच्याकडे त्यात एका स्टोरेजचा पॉवर सप्लाय गेला, आणि घाटाच्या अलीकडे गेला म्हणून बरं झालं. तारीख अकाउंट्सने ठरवली: "हे बघा सर, वीस तारखेच्या आत सिस्टिमला हात लावायचा नाही." कारण जीएसटीचं ३बी रिटर्न. मग त्यानंतरचा शनिवार-रविवार धरला, तोही पावसाळा संपल्यावरचा.

सामान निघताना एक फायदा आयताच मिळाला. ट्रान्झिट विमा, डिलिव्हरी चलान, ई-वे बिल आणि महापेच्या गेटवरची मटेरियल एंट्री, या चौघांनाही यंत्रांची यादी लागते. सीरियल नंबर आणि किंमत नेटबॉक्समध्ये होतीच, सीएसव्ही काढून चौघांना दिली. यूपीएसच्या बॅटऱ्या नेल्या नाहीत, त्या इथेच विकल्या.

हलवून झाल्यावर कुणी नेटबॉक्स उघडेल की नाही अशी शंका होती. महापेला आता आपला माणूस नसतो, तिथल्या इंजिनिअरला फोनवर सांगावं लागतं. "रॅक दोन, अठरावा यू, मागून डावीकडचा पोर्ट" असं सांगता येतं, त्यामुळे उघडलं जातं. फक्त एक नियम केलाय: बदलाच्या तिकिटावर नेटबॉक्सची नोंद नसेल तर तिकीट बंद होत नाही. हे सांभाळायला एक माणूस नेमा, सगळ्यांचं काम म्हटलं की ते कुणीच करत नाही.

आणि हो, नेटबॉक्स ज्या सर्व्हरवर आहे तोही गाडीत जाणार असेल तर आदल्या दिवशी त्याची प्रत लॅपटॉपवर घ्या आणि रॅकची चित्रं ए३ कागदावर छापून घ्या. महापेला रात्री दोन वाजता इंटरनेट नव्हतं, आम्ही तो कागद रॅकच्या दाराला चिकटवून काम केलं.