मिरजेत तंबोऱ्याची जवारी करून घेतली, त्याचा अनुभव (आणि करीम खाँसाहेब)

आईचा तंबोरा बारा वर्षं गवसणीत पडून होता, मागच्या वर्षी बाहेर काढला आणि आमच्या शहरातल्या एका दुकानात जवारीला, म्हणजे घोडी घासून तारांचा झंकार नीट करायला, दिला. त्यांनी घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती) सरळ कानस मारली आणि दोन तासांत परत दिला. घरी येऊन छेडला तर नुसती करकर, तारेखालचं सूत (दोरा) कुठेही सरकवा, एक तर करकर नाहीतर एकदम बसका आवाज. आमच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या, यावर गाऊ नकोस, कान बिघडतील, सरळ मिरजेला जा.

मग गेले मिरजेला, सतारमेकर गल्लीत. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, बातमी वाचली असेलच.) ज्या कारागिराकडे गेले त्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले. त्यांनी घोडी बघायच्या आधी मला विचारलं, "ताई, पट्टी कुठली? जरा सा लावा बघू." काळी चार म्हटलं (म्हणजे माझा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर), सा लावला, मग म्हणाले मंद्रात, खालच्या सप्तकात पण थोडं गा. ते ऐकून मग तंबोरा मांडीवर घेतला. मला हे फार आवडलं, कारण जवारी तंबोऱ्याची असली तरी गळ्याला धरून करावी लागते हे आधीच्या दुकानात कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

घोडी वरून सपाट दिसते पण तिला अगदी बारीक उतार असतो, तार त्या उताराला हलकेच चाटत थरथरते म्हणून तो झंकार येतो, आणि खालचं सूत केसभर सरकलं तरी सगळं बदलतं. चाचांचं काम बघत मी तीन तास नुसती बसून होते. कानस दोनदा फिरवायची, भुकटी अंगठ्याने पुसायची, तार परत चढवायची, खुंटी आवळायची, छेडायची, मान हलवायची, परत तार उतरवायची. एका पंचमाच्या तारेलाच पाऊण तास गेला. शेवटी खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची पितळी तार लावली आणि म्हणाले, आता काही बोलू नका, ऐका. आणि ऐकू आला हो, त्या खर्जातून गंधार वर येत होता, कोणी न लावलेला, स्वच्छ. स्वयंभू गंधार हा शब्द किती वर्षं ऐकत आलेय, आईच्या तंबोऱ्यातून तो पहिल्यांदा त्या दिवशी ऐकला. डोळे भरून आले खरंच.

संध्याकाळी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेले, तिथे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. 1872 साली कुठे उत्तरेत कैरान्यात जन्मलेला माणूस, घरात सारंगी-बीनेची परंपरा, बडोद्याच्या दरबारात गायक, तिथून पुढे पत्नी झालेल्या ताराबाई मान्यांबरोबर बाहेर पडले आणि पुढे मिरजेचेच होऊन गेले. 1913 ला पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. सांगलीच्या देवलांना श्रुतींच्या (सुरांमधल्या सूक्ष्म अंतरांच्या) संशोधनात स्वतः गाऊन मदत केली, म्हणजे बावीस श्रुती कागदावर मांडणाऱ्यांना गळ्यातून पुरावा देणारा हा माणूस. म्हैसूर दरबारामुळे कर्नाटक संगीताशी जवळीक झाली, तिथली सरगम आपल्या गाण्यात आणली, त्यागराजांची कृतीसुद्धा रेकॉर्ड केली. शिष्यांत सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांकडे भीमसेनजी शिकले, मुलांत सुरेशबाबू आणि हिराबाई, म्हणजे आपण महाराष्ट्रात जे किराणा ऐकतो ते बहुतेक सगळं फिरून याच एका माणसापाशी येतं. आणि 1937 साली मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना रेल्वेत बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमाळकोईल नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरले, तिथेच गेले. त्यांना परत मिरजेला आणलं. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या आठवणीत अजून गाणं होतं.

घरी आल्यावर पहिल्यांदा झिंझोटी रागातली 'पिया बिन नाही आवत चैन' लावली. जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची जुनी रेकॉर्ड, खरखर आहेच, आणि खरं सांगते, आधी मला तो आवाज पातळ वाटायचा. गेले काही दिवस मात्र रोज आधी वीस मिनिटं नुसता तंबोरा छेडते आणि मग ती ऐकते. आता कळतं की ते सुरावर येत नाहीत, सुराच्या आतून निघतात, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) संपते तिथे धक्का कुठेच बसत नाही. आवाज मोठा करायची त्यांना गरजच नव्हती. हे मला पुस्तकातून कधी कळलं नसतं, चांगल्या जवारीशेजारी बसूनच कळलं.

आता तक्रारी. पंचमाची खुंटी सारखी उतरत होती म्हणून तंबोरा तिथेच ठेवून यावा लागला, चार दिवस म्हणाले होते, लागले नऊ, आणि फोन सहसा उचलत नाहीत. पॅकिंगही यथातथाच, भोपळ्याला जपायचं असेल तर जुनी रजई आपली आपण घेऊन जा, एसटीने तर अजिबात आणू नका. जवारी, चारी तारा नव्या आणि दोन खुंट्या मिळून 2,800 रुपये घेतले, मला जास्त वाटले नाहीत. नव्या तारा ताणतात, त्यामुळे पहिले पंधरा दिवस रोज उतरेल, घाबरून कोणाला परत कानस मारायला देऊ नका.

पुढच्या महिन्यात बाईंचा तंबोरा घेऊन परत चाललेय, त्याची घोडीच बदलायची आहे.