अज्ञानातले साम्राज्य : ‘एज ऑफ एम्पायर्स २’ची डेफिनिटिव्ह एडिशन

‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा गाव वसवून, सैन्य उभारून शत्रूचे गाव पाडण्याचा संगणकावरचा खेळ १९९९ च्या सप्टेंबरअखेर बाजारात आला; आमच्या साताऱ्यात तो पोहोचला त्यानंतर दोनेक वर्षांनी, आणि तोही पेटीतून नव्हे, तर मार्करने नाव खरडलेल्या एका सीडीवरून. मूळ पेटीत जाडजूड माहितीपुस्तिका होती आणि कोणत्या इमारतीतून कोणता सैनिक निघतो हे दाखवणारा घडीचा तक्ता होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आम्हाला मिळाली ती फक्त सीडी, त्यामुळे खेळाबद्दलचे आमचे सगळे ज्ञान ऐकीव होते. ते तासाला २० रुपये घेणाऱ्या सायबर कॅफेत शेजारच्या खुर्चीवरून मिळे आणि बऱ्याचदा चुकीचे असे.

त्याच खेळाची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ ही नवी आवृत्ती, मूळ खेळाला वीस वर्षे पूर्ण झाल्यावर, नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ती मी गेली काही वर्षे सलग नव्हे, पण नेमाने खेळत आलो आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : जुना खेळ नव्या संगणकावर आणण्याचे याहून चांगले काम माझ्या पाहण्यात नाही, आणि तरीही जो खेळ आम्ही खेळत होतो तो हा नव्हे. ही तक्रार चित्रांविषयी किंवा आवाजांविषयी नाही. काय बदलले आहे ते पुढे सांगतो.

आधी जे डोळ्यांना दिसते ते पाहू. मूळ खेळाची चित्रे केवळ २५६ रंगांत बसवलेली होती. आज तो खेळ जसाच्या तसा मोठ्या पडद्यावर लावला, तर आपल्याला आठवत असलेले हिरवेगार रान आणि उंच किल्ले कुठे गेले असा प्रश्न पडतो. आठवणीने मधल्या काळात त्या चित्रांवर बराच रंग चढवलेला असतो. नव्या आवृत्तीच्या चित्रकारांनी हे नेमके ओळखले असावे, कारण त्यांनी खेळाला त्रिमितीत नेण्याचा मोह टाळला. तिरक्या कोनातून दिसणारी तीच सपाट मांडणी ठेवली, प्रत्येक घर, झाड आणि घोडा मात्र नव्याने आणि बारकाईने घडवला, आणि परिणामी खेळ पूर्वी दिसत होता तसा नव्हे, तर आपल्याला आठवतो तसा दिसतो. तटबंदी कोसळताना एकदम नाहीशी न होता दगड दगड होऊन ढासळते, आणि माउसचे चाक फिरवून जवळ गेले की शेतात राबणाऱ्या माणसाच्या हातातले अवजारसुद्धा ओळखू येते. याची किंमत जागेत मोजावी लागते. मूळ खेळ एका सीडीत मावत होता; ही आवृत्ती डिस्कवर त्याच्या कितीतरी पट मोकळी जागा मागते, आणि अधिक स्पष्ट चित्रांचा वेगळा संच उतरवून घेतला तर त्याहून जास्त.

हे काम कुणी केले हेही सांगण्याजोगे आहे. मूळ खेळ घडवणारा एन्सेम्बल स्टुडिओज हा अमेरिकेतला गट २००९ च्या जानेवारीत बंद झाला. त्यानंतर हा खेळ जिवंत ठेवला तो त्याच्या चाहत्यांनी. ‘फरगॉटन एम्पायर्स’ नावाने काही जणांनी हौसेखातर नव्या संस्कृतींची, म्हणजे खेळाडूने निवडायच्या राज्यांची, भर घालणारी जोड तयार केली, २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तीच अधिकृत विस्तार म्हणून स्वीकारली आणि पुढे डेफिनिटिव्ह एडिशनच्या निर्मितीत हाच गट मुख्य राहिला. मूळ खेळात १३ संस्कृती होत्या आणि २००० सालच्या ‘कॉन्करर्स’ या विस्ताराने त्या १८ झाल्या. नवी आवृत्ती आली तेव्हा त्यांची संख्या ३५ होती. इतकी भर घालूनही मूळ घडीला धक्का लागलेला नाही. सुरुवातीला अजूनही बहुतेकांना तीन माणसे आणि एक घोडेस्वार मिळतो, लाकूड, अन्न, सोने आणि दगड हीच चार साधने असतात, आणि फ्युडल या खेळातल्या दुसऱ्या युगात जायला पूर्वीप्रमाणेच ५०० अन्न लागते. ज्याने लहानपणी या खेळात रात्री घालवल्या त्यालाच असा संयम सुचतो, असे मला वाटते. खर्चाचा हिशेब पाहणाऱ्या एखाद्या नव्या व्यवस्थापकाने दुकान, नाणी आणि रोजची बक्षिसे यांची खोगीरभरती केली असती. मोबाइलवरच्या आजच्या बहुतेक खेळांचे तसेच झाले आहे.

पैशाचा हिशेब इथेही आहेच, पण तो उघड आहे. डेफिनिटिव्ह एडिशन एकदा विकत घेतली की खेळ आपला होतो. त्यानंतर येणाऱ्या नव्या संस्कृती आणि मोहिमा वेगळे पैसे देऊन घ्याव्या लागतात आणि न घेतल्या तरी काही अडत नाही. मराठी वाचकाला त्यांपैकी एका विस्ताराची विशेष उत्सुकता वाटेल. तो म्हणजे एप्रिल २०२२ मध्ये आलेला ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’. तोवर सगळा भारत ‘इंडियन्स’ या एकाच नावाखाली कोंबलेला होता. या विस्ताराने त्याचे हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्राविड असे चार भाग केले, आणि राजेंद्र चोळ, बंगालचा देवपाल आणि बाबर यांच्या मोहिमा दिल्या. राजेंद्र चोळाची मोहीम मला त्यांत सर्वांत जमलेली वाटली, कारण आरमाराला खरे महत्त्व असलेल्या मोहिमा या खेळात मोजक्याच आहेत. द्राविडांचे लवचीक पात्याची उरुमी फिरवणारे पायदळ पाहण्यासारखे आहे. देवगिरीच्या यादवांना मात्र या चारांत स्वतंत्र जागा नाही, आणि शिवकाल तर खेळाच्या कालपटाच्या बाहेरच पडतो. दख्खनचे हे पठार गुर्जर आणि द्राविड यांच्या मध्ये कुठेतरी हरवले आहे, आणि एवढी एक गोष्ट मला खुपते.

आता सुरुवातीला म्हटलेल्या मुद्द्याकडे येतो. आमच्या कॅफेत सहा संगणक लॅनने जोडलेले होते आणि एक अलिखित करार होता : पहिला अर्धा तास कुणी कुणावर चाल करायची नाही. त्या अर्ध्या तासात प्रत्येक जण आपापल्या गावाभोवती दुहेरी तट बांधी, दगड संपेपर्यंत बुरूज उभारी आणि हत्ती असलेली संस्कृती घेतली असेल तर मग हत्ती काढी, कारण हत्ती सर्वांत मोठा दिसे. तो किती महाग आहे, किती संथ चालतो आणि स्वस्तातले भालाईत त्याला कसे लोळवतात, हे आम्हाला माहीत नव्हते. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, ट्यूटन, म्हणजे मध्ययुगीन जर्मन, सोडून दुसरे काही घेत नसे, कारण त्यांचे सरदार चिलखतात भारी दिसत. संगणकाविरुद्ध खेळताना अडचण आली की वहीच्या मागच्या पानावर लिहिलेले चीट कोड कामी येत; ‘हाऊ डू यू टर्न धिस ऑन’ हे वाक्य टंकले की मध्ययुगीन गावात मशीनगन लावलेली कोब्रा मोटार हजर होई. त्या इंग्रजी वाक्याचा अर्थ मला त्या काळी ठाऊक नव्हता. मंत्रासारखे ते पाठ होते इतकेच.

नवी आवृत्ती हे अज्ञान पद्धतशीरपणे दूर करते. ‘आर्ट ऑफ वॉर’ नावाचे तिचे धडे पहिल्या मिनिटापासून काय करायचे ते शिकवतात आणि कामगिरीप्रमाणे कांस्य, रौप्य किंवा सुवर्ण पदक देतात. टाउन सेंटर, म्हणजे माणसे तयार करणारी गावाची मुख्य इमारत, एक क्षणही रिकामे ठेवू नये, कारण एक माणूस तयार व्हायला २५ सेकंद लागतात आणि वाया गेलेले सेकंद परत मिळत नाहीत. आधी मेंढ्या, मग रानडुकराला बाण मारून टाउन सेंटरपर्यंत पळवत आणायचे आणि तिथे सगळ्यांनी मिळून मारायचे. साधारण विसाव्या-बाविसाव्या माणसानंतर फ्युडल युगाचे बटण दाबायचे. कोणत्या कामावर किती माणसे आहेत याचा आकडा पडद्यावर सतत दिसतो, नापीक झालेली शेते आपोआप पुन्हा पेरली जातात आणि घोडेस्वाराला स्वतःहून टेहळणी करायला सोडता येते. या सगळ्या सोयी चांगल्याच आहेत. साठ शेते एकेक करून पुन्हा पेरण्यात काही बहादुरी नव्हती, आणि ती गेली म्हणून कुणी गळा काढू नये.

परंतु हा खेळ आंतरजालावर अनोळखी माणसाशी खेळायला बसल्यावर कळते की समोरच्यालाही हे सगळे पाठ आहे. नव्या खेळाडूला १००० च्या आसपासचे मानांकन देऊन सुरुवात करून देतात, आणि त्या पायरीवरसुद्धा कराराचा अर्धा तास कुणी देत नाही. दहा-बारा मिनिटांत धनुर्धारी दारात येऊन उभे राहतात. खेळाची वरची पातळी तर थक्क करणारी आहे. २०२२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या खऱ्याखुऱ्या किल्ल्यात या खेळांच्या मालिकेची एक मोठी स्पर्धा झाली. नॉर्वेचा ‘द वायपर’ किंवा कॅनडाचा ‘हेरा’ यांच्यासारख्या खेळाडूंचे डाव पाहताना मी आणि दादा ज्याला युद्ध म्हणत होतो ते नेमके काय होते, असा प्रश्न पडतो. आमचे डाव तीन तास चालत. यांचे तासाभरात आटपतात, आणि त्या तासात एकही हालचाल निर्हेतुक नसते. जुन्या खेळाची गोडी सांगताना लोक मित्र, कॅफे आणि वडापाव यांची नावे घेतात. मला मात्र वाटते की तिचा मोठा हिस्सा न कळण्यात होता. नकाशाचा काळा भाग जसा पायाखाली आल्याशिवाय उजळत नसे, तसेच नियमांचेही होते, आणि सहाही जण सारखेच अंधारात असल्यामुळे डाव बरोबरीचा होई.

म्हणून ज्यांना केवळ आठवणीसाठी ही आवृत्ती घ्यायची आहे त्यांना माझी सूचना अशी की, निदान सुरुवातीला मानांकनाच्या डावांकडे फिरकू नये. एकट्याने खेळायच्या मोहिमा भरपूर आहेत. जोन ऑफ आर्क आणि चंगेजखानाच्या जुन्या मोहिमाही नव्या चित्रांसह आहेत. मित्रांशी खेळायचे तर खाते आणि आंतरजाल लागते, पण आपला गट जमवून, हवे ते नियम ठरवून खासगी डाव मांडता येतो आणि अर्ध्या तासाचा करारही पाळता येतो. दादा आता दूर राहतो, त्यामुळे आमचे डाव असेच रविवारी रात्री होतात. डावादरम्यान संवादाच्या चौकटीत आकडे टंकले की ठरावीक आवाज वाजतात ही जुनी सोयही तशीच आहे. ३० टंकले की पुरोहिताचे ‘वोलोलो’ आणि ११ टंकले की ते कुप्रसिद्ध हास्य. आमच्या कॅफेत कुणाचा तट पडला की उरलेल्या पाचही यंत्रांवरून ११ येत असे.

एक गोष्ट मात्र निर्मात्यांनी फार समजून-उमजून केली आहे. संगणकाशी खेळताना त्याचा मेंदू कोणता असावा हे निवडता येते, आणि त्या पर्यायांत १९९९ च्या सीडीवरचा मेंदूही आहे. नवा मेंदू हुशार आहे, चुकवून पळतो, माघार घेतो. जुना मात्र तोच, आम्ही मशीनगनची मोटार काढल्याशिवाय ज्याला हरवू शकत नव्हतो तो. गेल्या महिन्यात मी ट्यूटन घेतले, सर्वांत कठीण पातळी लावली आणि धड्यांत शिकलेले सगळे वापरून त्या जुन्या शत्रूशी डाव मांडला. तो पस्तीस मिनिटांत पडला. त्याचे सैनिक चार-चारच्या तुकडीने येत राहिले आणि एकाच बुरुजाखाली मरत राहिले. याला आम्ही इतके का घाबरत होतो ते कळेना. दादाला त्याच रात्री मोबाइलवर निकाल कळवला. सकाळी त्याचे उत्तर आले होते, नुसता आकडा : ११.