जिम्नी की ग्रँड व्हिटारा ऑलग्रिप?

दोन्ही मारुतीच्या, दोन्ही 1.5 लिटर पेट्रोल, चारही चाकांना जोर. घरच्यांसाठी मी ग्रँड व्हिटाराच घेईन. 2025 पर्यंत ऑलग्रिप, म्हणजे तिची चारही चाकांना जोर देणारी आवृत्ती, फक्त मॅन्युअलमध्ये होती, आता सहा गिअरची ऑटोमॅटिक मिळते. पावसाळ्यात कोकणातल्या तांबड्या चिखलात पुढचं चाक जागच्या जागी फिरू लागलं, की मागची चाकं आपोआप जोर घेतात. चालवणाऱ्याला काही करावं लागत नाही. पाच जणं बसतात.

जिम्नीत चारच, आणि डिकी 208 लिटरची. आजी-आजोबांना घेऊन गावी निघालं की बॅगा मांडीवर येतात. ऑटोमॅटिकमध्ये गिअरही चारच, घाटात ओव्हरटेक करताना इंजिन ओरडतं. फोर व्हील ड्राइव्हसाठी लिव्हर हातानं ओढावा लागतो. पण तिच्यात लो रेंज, म्हणजे हळू वेगात जास्त ताकद देणारा गिअर, आहे, आणि मोठमोठ्या दगडांच्या चढावर तिथं व्हिटारा तिच्या जवळपासही येत नाही.